चौथ्या पानावरचा अंगठा

हर्ने गावात स्टेशनसमोर आमचं दुकान.
मार्चात उघडतं, ऑक्टोबरात मिटतं.
मधल्या थंडीत तिथे एकजण लोकरी टोप्या विकतो,
आमच्या काउंटरवर आरसा ठेवून.

आज शेवटचा दिवस.
पिस्ता संपला. लिंबू तळाला लागलंय.
व्हॅनिला उरलं. ते उरतंच.
आई म्हणायची, व्हॅनिला मोजून करू नये.

थाळी आधी गार करायची,
तळाशी फेटलेल्या मलईचा गोळा दडवायचा,
मग व्हॅनिला सोऱ्यात भरून
एका दमात शेवया पाडायच्या. थांबलात की तुटल्या.
वरून स्ट्रॉबेरीचा रस, तो टोमॅटो समजायचा,
पांढऱ्या चॉकलेटचा कीस, ते चीज.
या गावात सगळ्यात जास्त हेच खपतं:
स्पगेटी, जी स्पगेटी नाही.

मघाशी एक पोरगा ती बघून भोकाड पसरून रडला,
"मला जेवण नको होतं!"
आजोबांनी चमचा ओठाला टेकवला
आणि रडणं अर्ध्यात अडकलं, तोंड उघडंच.
दरवर्षी एखादं तरी असं रडतं.

फ्राऊ व्हिचोरेक मात्र हसत आल्या.
अमरेना चेरींचा उंच पेला, दोघांसाठीचा, एक चमचा.
"चाळीस वर्षं खाणीतून वर आला की चेरी तो खायचा,
माझ्याकडे देठ.
आता बघ."
आणि त्यांनी देठसुद्धा ठेवला नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा
आल्प्सपलीकडे, झोल्दोच्या खोऱ्यात, नन्सच्या वसतिगृहात.
आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं आईस्क्रीम करायला परमुलखात जात.
बर्फ वितळायला लागलं की आई निघायची.
बाकीच्या पोरी वसंताची वाट बघत,
मी छपरावरचं बर्फ राखत बसायचे.

एका जूनमध्ये पत्राऐवजी तिने मेनूकार्ड पाठवलं.
प्लास्टिक चढवलेलं, अकरा पानी.
मी जर्मन शिकले ती त्यावरच:
मलईसह. मलईविना. दारू घातलेलं, फक्त मोठ्यांसाठी.
आईस कॉफी, तिच्यावर छत्री.
पीच मेल्बा, जिचा उच्चार मी अजून चुकवते.
वेफरचे कान लावलेला उंदीर.
आणि चौथ्या पानावर बनाना स्प्लिट,
काचेच्या लांबट होडीत,
होडीच्या काठाला एक अंगठा.

नखावर उभी चीर. आईचा.
फोटो काढणाऱ्याला दिसला नसावा.

ते पान मी उशाखाली घेऊन झोपायचे.
सिस्टर ब्रिजिदा म्हणाली, "किती ग हावरट!"
मी मान डोलावली.
हावरट ठरणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

मोठी झाल्यावर मीही इथे आले.
चार वर्षांपूर्वी भावाने, तित्सियानोने, नवं कार्ड छापून घेतलं.
केळी जास्त पिवळी, होडी जास्त चकचकीत.
"गिऱ्हाइकाला अंगठा कशाला?"
खरंच आहे त्याचं. कशाला.

संध्याकाळी आईला फोन केला.
ती आता खोऱ्यातच असते, दात गेलेत, थंड सोसत नाही.
कशी आहेस, हे तिने याही वेळी विचारलं नाही.
"सोऱ्या कोरडा केलास?"
केला.
"होड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यास?"
गुंडाळते आहे.
"भोकांत काडी घालून बघ. साखर राहते, मग मुंग्या."
मी काडी घातली.
साखर निघाली.

बाहेर टोपीवाल्याची गाडी लागली आहे.
एक दिवस आधीच आलाय, खोकी उतरवतोय.
दार ढकलून विचारलं, व्हॅनिला खाणार?
"या गारठ्यात?" तो म्हणाला,
टोपी काढली
आणि बसला.
मी सोऱ्या पुन्हा ओला केला.